कोट्यवधी निवड समित्या

आयपीएलच्या संध्याकाळच्या सामन्याची नाणेफेक सात वाजता होते आणि पहिला चेंडू साडेसातला पडतो. मधला अर्धा तास टीव्हीवर जाहिराती आणि तज्ज्ञांच्या चर्चेत जातो. पण २०१८-१९पासून पुढची काही वर्षं याच अर्ध्या तासात देशभरातल्या मोबाइलवर खरी धांदल उडालेली असायची. नाणेफेकीबरोबर दोन्ही संघांचे अंतिम अकरा जाहीर व्हायचे, ॲपवर खेळणाऱ्यांच्या नावाशी हिरवा ठिपका यायचा आणि दुपारीच ‘टीम लावून’ बसलेल्याच्या लक्षात यायचं, की आपण घेतलेला फिरकीपटू आज बाकावर आहे. मग त्याला काढा, त्याच्या क्रेडिटमध्ये बसणारा दुसरा शोधा, तो बसत नसेल तर एखादा महागडा फलंदाज सोडा. वसतिगृहाच्या खोलीत, रिक्षा स्टँडवर, लोकलच्या दारात, दुकानाच्या गल्ल्यामागे एकच प्रश्न ऐकू यायचा : ‘कॅप्टन कुणाला केलंस?’

फँटसी स्पोर्ट्स नावाचा हा खेळ समजायला सोपा आहे. प्रत्यक्ष सामना खेळणाऱ्या दोन्ही संघांतून आपले अकरा खेळाडू निवडायचे. प्रत्येकाची किंमत ठरलेली असते आणि खर्चायला एकूण १०० क्रेडिट मिळतात, त्यामुळे सगळेच तारे घेता येत नाहीत. आपला खेळाडू मैदानावर जे करेल त्याचे गुण आपल्या खात्यात जमा होतात. भारतात सर्वांत गाजलेल्या ड्रीम इलेव्हनवर टी-ट्वेंटीत काही वर्षं एका धावेला एक आणि एका बळीला पंचवीस गुण होते. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. म्हणजे एरवी ज्याचं नाव बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात येतं असा तीन बळी घेणारा गोलंदाज पाऊणशे धावांच्या खेळीइतका मोलाचा, आणि त्याला कर्णधार केलं असेल तर त्याचे थेट दीडशे. सामना कोण जिंकला याला या हिशेबात काहीच किंमत नाही.

या नियमांनी क्रिकेट पाहण्याची नजरच बदलली. मुंबई इंडियन्सचा कट्टर पाठीराखा चेन्नईच्या आठव्या क्रमांकाच्या फलंदाजासाठी हात जोडून बसू लागला. कोणत्या मैदानावर दुसऱ्या डावात दव पडतं, कोणता डावखुरा फलंदाज ऑफस्पिनसमोर अडखळतो, कोणता गोलंदाज शेवटची षटकं टाकतो, ही माहिती एरवी प्रशिक्षकाच्या वहीत असते. ती कॉलेजच्या मुलांना तोंडपाठ झाली. फँटसी खेळावर पुढे जी टीका येणार आहे ती करण्याआधी हे मान्य करायला हवं, की त्याने लाखो लोकांना खेळ अधिक बारकाईने पाहायला लावला. निवड समितीला नावं ठेवण्याची हौस प्रत्येक भारतीयाला असते. इथे त्याला स्वतःलाच निवड समितीच्या खुर्चीत बसायला मिळालं आणि आपली निवड चुकली की बरोबर, याचा निकाल त्याच रात्री हातात पडू लागला.

या खेळाचा जन्म मात्र पैशासाठी झालेला नाही. १९६०मध्ये हार्वर्डमध्ये विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञाने मित्र-सहकाऱ्यांबरोबर ‘बेसबॉल सेमिनार’ नावाचा एक खेळ सुरू केला. खऱ्या बेसबॉलपटूंची आपसांत वाटणी करायची आणि हंगामाअखेर त्यांच्या आकडेवारीवरून विजेता ठरवायचा. पुढे गॅमसन मिशिगन विद्यापीठात गेले, तिथे इतिहासाचे प्राध्यापक रॉबर्ट स्क्लार यात सामील झाले आणि त्यांच्याकडून ही कल्पना त्यांचा विद्यार्थी डॅनियल ओक्रेंटपर्यंत पोहोचली. ओक्रेंट पुढे लेखक-संपादक झाला. १९८०मध्ये न्यूयॉर्कमधल्या ‘ला रोटिसरी फ्रॉन्सेज’ या रेस्तराँत जेवायला जमणाऱ्या मित्रांना घेऊन त्याने ‘रोटिसरी लीग’ उभी केली. प्रत्येक संघमालकाने २६० डॉलरच्या मर्यादेत लिलाव करून २३ खेळाडू घ्यायचे, सहा महिने त्यांची देखभाल करायची, अदलाबदल करायची, भांडायचं. विजेत्याच्या डोक्यावर यू-हू नावाचं चॉकलेट पेय ओतण्याची प्रथाही तिथलीच. तिकडे कॅलिफोर्नियात ऑकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२-६३मध्येच अमेरिकन फुटबॉलसाठी असाच खेळ मित्रमंडळात सुरू केला होता.

ओक्रेंटच्या मंडळींत पत्रकार आणि प्रकाशनातली माणसं होती. १९८१मध्ये बेसबॉलपटूंनी संप केला. सामनेच नाहीत म्हटल्यावर क्रीडा पत्रकारांना लिहायला विषय हवा होता, तेव्हा त्यांनी आपल्या या छंदावर लिहिलं आणि तो देशभर गेला. त्या वेळी गुण मोजायचे म्हणजे वर्तमानपत्रातले धावफलक कापून कागदावर बेरजा करायच्या.

या जुन्या खेळात दोन गोष्टी होत्या आणि पुढच्या साऱ्या कहाणीसाठी त्या महत्त्वाच्या आहेत. स्पर्धा अख्ख्या हंगामाची असे आणि समोरचा माणूस ओळखीचा असे. हरलं तरी हरलेला पैसा मित्राकडेच जाई, आणि दुसरा डाव मांडायला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागे.

इंटरनेटने बेरजा सोप्या केल्या आणि २००६च्या अमेरिकी कायद्याने खेळाचं रूप बदलायला वाट करून दिली. ऑनलाइन जुगाराच्या पैशांना आळा घालणाऱ्या त्या कायद्यात फँटसी खेळांना सवलत मिळाली. तिच्या आधाराने २००९मध्ये फॅनड्युएल आणि २०१२मध्ये ड्राफ्टकिंग्ज आले आणि त्यांनी सहा महिन्यांचा हंगाम एका दिवसावर आणला. आज रात्री टीम लावा, आज रात्रीच निकाल, उद्या पुन्हा नवी टीम. समोर मित्राऐवजी हजारो अनोळखी माणसं. २०१५च्या सुमारास या दोन कंपन्यांच्या जाहिरातींनी अमेरिकी टीव्ही भरून गेला होता. त्याच वर्षी ड्राफ्टकिंग्जच्या एका कर्मचाऱ्याने फॅनड्युएलवर साडेतीन लाख डॉलर जिंकल्याचं उघड झालं आणि कंपनीच्या आतली माहिती कुणाला दिसते, या प्रश्नावरून गदारोळ उठला. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी दोन्ही कंपन्यांना राज्यातला धंदा थांबवायला सांगितलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कने नियम करून त्याला परवानगी दिली.

२०१५चा एक आकडा प्रत्येक फँटसी खेळाडूला माहीत असायला हवा. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या अभ्यासकांनी २०१५च्या बेसबॉल हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागातले निकाल तपासले. खेळाडूंनी मिळवलेल्या नफ्यापैकी ९१ टक्के नफा अवघ्या १.३ टक्के खेळाडूंच्या खिशात गेला होता. ही माणसं दिवसाला शेकडो स्पर्धांत उतरत, आकडेवारीची स्वतःची प्रारूपं बांधत आणि ऐनवेळी एखादा खेळाडू बाहेर बसला, तर संगणकाच्या आज्ञावलीने शेकडो टीम एका झटक्यात बदलत. बाकीचे कामावरून घरी येऊन, चहा पिता पिता एक टीम लावत.

भारतात या शतकाच्या सुरुवातीला ईएसपीएन-स्टारच्या ‘सुपर सिलेक्टर’मुळे क्रिकेटशौकिनांना फँटसीची चव लागली होती. मुंबईत हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८मध्ये, म्हणजे आयपीएल सुरू झालं त्याच वर्षी ड्रीम इलेव्हन काढलं. जैन इंग्लिश फुटबॉलचे चाहते, तिकडची फँटसी खेळलेले. सुरुवातीचा त्यांचा खेळ जाहिरातींवर चालणारा होता आणि तो चालला नाही. २०१२मध्ये त्यांनी एका सामन्याचा, प्रवेश फी घेऊन खेळायचा प्रकार आणला. तरी खरी उसळी आली ती २०१६नंतर. त्या वर्षी यूपीआय सुरू झालं आणि जिओने डेटा स्वस्त केला. आता टीम लावायला, ४९ रुपयांची प्रवेश फी भरायला आणि सामना पाहायला एकच यंत्र पुरेसं होतं आणि ते प्रत्येकाच्या हातात होतं. २०१८मध्ये महेंद्रसिंग धोनी जाहिरातीत आला. एप्रिल २०१९मध्ये कंपनीचं मूल्यांकन एक अब्ज डॉलरच्या वर गेलं. २०२०मध्ये आधीची प्रायोजक विवो बाजूला झाल्यावर २२२ कोटी रुपयांना आयपीएलचं मुख्य प्रायोजकत्व तिने घेतलं आणि २०२३मध्ये तिचं नाव भारतीय संघाच्या जर्सीवर आलं. २०२२-२३ या आर्थिक वर्षातलं तिचं उत्पन्न ६ हजार कोटींच्या पुढे होतं. मागोमाग माय इलेव्हन सर्कल, एमपीएल आणि इतर आले. सौरव गांगुली क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष असताना आयपीएलच्या प्रायोजकाच्या प्रतिस्पर्धी ॲपची जाहिरात करत होते आणि त्यावरून टीकाही झाली. क्रिकेटचं अर्थकारण या एका धंद्यावर किती रेलून उभं राहिलं होतं, हे त्यातून कळतं.

या खेळाची भूक किती मोठी झाली होती ते २०२०च्या टाळेबंदीत दिसलं. जगभर क्रिकेट बंद होतं. मे महिन्यात कॅरेबियन बेटांपैकी सेंट व्हिन्सेंटमध्ये ‘व्हिन्सी प्रीमियर लीग’ नावाची दहा-दहा षटकांची छोटी स्पर्धा सुरू झाली, तिला ड्रीम इलेव्हनचं पाठबळ होतं आणि प्रेक्षक भारतात होते. डॅनियल वेस्टन यांच्या युरोपियन क्रिकेट मालिकेतले सामने युरोपातल्या मैदानांवरून दिसू लागले. नोकरी सांभाळून क्रिकेट खेळणारे तिथले हौशी खेळाडू भारतातल्या अनोळखी माणसांच्या टीममध्ये कर्णधार झाले. त्या खेळाडूंना आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा, आकडेवारी आणि प्रेक्षक मिळाले. हा फायदा खरा आहे आणि तो नाकारू नये.

पण ज्या सामन्याकडे मैदानातून कुणी पाहत नाही आणि ज्यावर पैसा मात्र लागलेला आहे, असा सामना धोक्याचा असतो. जून २०२०मध्ये ‘उवा टी-ट्वेंटी’ नावाच्या श्रीलंकेतल्या स्पर्धेचा सामना इंटरनेटवर दाखवला गेला. ठिकाण बदुल्ला असं सांगितलं जात होतं. प्रत्यक्षात तो पंजाबात चंदीगडजवळच्या सवारा गावी खेळवला होता. २०२२मध्ये गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूरला तर शेतात खेळपट्टी तयार करून खोटं ‘आयपीएल’च चालवलं गेलं. शेतमजुरांना सामन्यामागे ४०० रुपये देऊन जर्सी चढवल्या होत्या, समालोचक हर्षा भोगल्यांच्या आवाजाची नक्कल करत होता आणि रशियातली माणसं त्यावर पैसे लावत होती. दोन्ही प्रकार सट्ट्याचे, फँटसीचे नव्हेत. पण पडद्यावर क्रिकेट दिसलं की कुणीतरी, कुठूनतरी पैसे लावेल, हा हिशेब करूनच ते उभे केले होते. अनोळखी स्पर्धांचे गुण रोज मोजणाऱ्या ॲपनाही या चिंतेतून सुटका नव्हती.

महाराष्ट्राला आकड्यावर पैसा लावणं नवं नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडणारे आणि बंद होणारे भाव मुंबईत तारेने येत आणि त्यावर लोक पैसे लावत. ते बंद झाल्यावर १९६२मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला आणि नंतर रतन खत्रीने तो मोठा केला. गिरणगावातला कामगार पगाराच्या दिवशी आकडा लावायचा, तो एखाद्या बुकीकडे जाऊन, लपून आणि आपण जुगार खेळतोय हे जाणून. फँटसी ॲपने ही जाणीवच काढून टाकली. ते घरात, उघडपणे, देशाच्या कर्णधाराच्या चेहऱ्यासह आलं आणि न्यायालयाचा दाखला घेऊन आलं. २०२३च्या विश्वचषकात पिंपरी-चिंचवड पोलिस दलातल्या एका उपनिरीक्षकाने ड्रीम इलेव्हनवर दीड कोटी रुपये जिंकले. पेढे वाटले गेले, बातमी झाली आणि काही दिवसांत त्याच्या निलंबनाचीही बातमी आली. कायद्याने जो जुगार नाही तो खेळून पोलिसाला शिक्षा का, असं अनेकांनी विचारलं. समाजाचा गोंधळ त्या एका प्रकरणात पूर्ण उतरला आहे. त्याच वर्षी ऑगस्टअखेर आमदार बच्चू कडू यांनी सचिन तेंडुलकरच्या घरासमोर आंदोलन केलं, तेही एका ऑनलाइन गेमिंग ॲपच्या जाहिरातीवरून.

न्यायालयाच्या त्या दाखल्याचं मूळही या राज्यातल्याच एका खटल्यात आहे. आर. एम. डी. चामरबागवाला यांच्या कंपनीच्या शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवर मुंबई सरकारने कर आणि निर्बंध लावले, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९५७मध्ये निकाल दिला. जुगाराला व्यापाराचं संरक्षण नाही, पण ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे ती जुगार नव्हे, ही वाट तेव्हापासून रुळली. १९६८मध्ये रमी आणि १९९६मध्ये घोड्यांच्या शर्यती त्याच वाटेने सुटल्या. ड्रीम इलेव्हनवर पन्नास हजार रुपये हरलेल्या एका माणसाने पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा एप्रिल २०१७मध्ये न्यायालयाने हा कौशल्याचा खेळ असल्याचं ठरवलं. ३० एप्रिल २०१९ला मुंबई उच्च न्यायालयानेही तसंच म्हटलं. महाराष्ट्र सरकार त्याविरुद्ध गेलं आणि मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तेलंगणा, आंध्र, आसाम, ओडिशा यांसारख्या राज्यांत पैशाचा खेळ बंद होता, तर शेजारच्या राज्यात तोच खेळ राजरोस चालू होता.

कौशल्य की नशीब, या एकाच प्रश्नावर साठहून जास्त वर्षं चर्चा झाली आणि इथेच काहीतरी निसटलं. फँटसीत कौशल्य आहे, यात शंका नाही. तेव्हाचा जगज्जेता बुद्धिबळपटू मॅग्नस कार्लसन डिसेंबर २०१९मध्ये इंग्लिश प्रीमियर लीगच्या फँटसीत सत्तर लाखांहून अधिक खेळाडूंत काही काळ पहिल्या क्रमांकावर होता आणि हंगामाअखेर पहिल्या दहात राहिला. हे नशिबाने होत नाही. पण कौशल्य खरं आहे, म्हणूनच सामान्य माणूस हरतो. मटक्यात गिरणी कामगार आणि शेठ यांना आकडा लागण्याची संधी सारखीच होती. फँटसीत मात्र दिवसभर आकडेवारी चाळणारा, वीस-वीस टीम उतरवणारा, पैसा हाताशी असणारा माणूस आणि टेलिग्रामवरचं कुणाचं तरी ‘प्रेडिक्शन’ बघून एक टीम लावणारा मुलगा एकाच स्पर्धेत असायचे. जमलेल्या रकमेतून आधी कंपनीचा हिस्सा निघायचा. उरलेल्यापैकी मोठा भाग वरच्या मूठभरांकडे जायचा. त्या मुलाच्या हाती राहायची ती ‘एका विकेटने हुकलो’ ही भावना, आणि तीच त्याला दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात पुन्हा आणायची. सामना रोज असायचा, खातं उघडं असायचं, ४९ रुपये म्हणजे पन्नासही नाहीत. कौशल्याचा खेळ म्हणून कायद्याने दिलेलं संरक्षण ज्याच्याकडे कौशल्य आहे त्याला आणि कंपनीला मिळालं. ज्याच्याकडे ते नाही त्याचं काय, हे विचारायला त्या कसोटीत जागाच नव्हती.

सरकारने आधी कराचा मार्ग घेतला. १ ऑक्टोबर २०२३पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. याआधी कंपन्या फक्त आपल्या हिश्शावर कर भरत होत्या. मग २० ऑगस्ट २०२५ला ऑनलाइन गेमिंगचं विधेयक लोकसभेत आलं आणि गदारोळात त्याच दिवशी मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी राज्यसभेने ते मंजूर केलं, तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, त्यात कौशल्य असो वा नशीब, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. अशा सगळ्या खेळांमुळे ४५ कोटी लोकांना झळ बसली आणि वर्षाला २० हजार कोटी रुपयांचं नुकसान होतं, असा सरकारचा अंदाज होता. ड्रीम इलेव्हनने पैशाच्या स्पर्धा लगेच बंद केल्या. सप्टेंबरमधला आशिया चषक भारतीय संघ छातीवर प्रायोजकाचं नाव न लावता खेळला. दरम्यान अपोलो टायर्सशी करार झाला. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

साठहून जास्त वर्षं जिच्यावर सगळं तोललं गेलं ती कसोटी संसदेने दोन दिवसांत बाजूला ठेवली. सामान्य खेळणाऱ्याचा विचार अखेर झाला, हे स्वागतार्ह आहे. पण सरसकट बंदीने मित्रांच्या छोट्या लीगपासून लाखोंच्या महास्पर्धेपर्यंत सगळं एका ओळीत उभं केलं, आणि परदेशातून चालणारी सट्ट्याची ॲप तो एक टीम लावणारा मुलगा शोधणारच नाही, याची खात्री या कायद्याच्या मजकुरात नाही. एका माणसाने महिन्यात किती भरावं याची मर्यादा, एका स्पर्धेत एकच टीम, नवख्यांसाठी वेगळी स्पर्धा, हे मधले मार्ग नीट चर्चेला आलेच नाहीत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगची फँटसी फुकट आहे, हंगामभर चालते आणि एक कोटीहून जास्त लोक ती खेळतात. त्यांत मुंबई-पुण्यातली मुलंही आहेत. म्हणजे हा खेळ पैशावाचूनही तग धरतो.

पुढच्या लेखांत या विषयाच्या वेगवेगळ्या बाजू येतील : खेळाडू, कंपन्या, वकील, घरातली माणसं. ते वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोणत्या खात्याने किती भरले, किती जिंकले, किती जणांनी एका हंगामात पगाराएवढी रक्कम घालवली, याची नोंद कंपन्यांच्या सर्व्हरवर सामन्यागणिक झालेली आहे. अमेरिकेतल्या ९१ टक्के आणि १.३ टक्क्यांसारखं भारताचं चित्र त्यातून काढता येतं. कायदा न्यायालयात टिको वा न टिको, नावं-पत्ते वगळून ही आकडेवारी लोकांसमोर आली पाहिजे. ती मागण्याचा अधिकार सरकारला आहे आणि निर्णय देण्याआधी ती पाहण्याचा अधिकार न्यायालयालाही आहे.